कुजक्या द्राक्षांचं घराणं

माणसानं आयुष्यात एकदा तरी अशी वस्तू तोंडात घालावी, की जिची किंमत कळल्यावर ठसका लागावा. मला तो ठसका वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी लागला. आणि तोही कुठल्या पंचतारांकित हॉटेलात नव्हे, तर जामसंड्याला, आमच्या घरासमोरच्या खळ्यात, सुंभाच्या खाटेवर बसून.

प्यालो ती दारू होती, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्या घराण्याला दारूचा इतिहास असा नाही. आजोबांना सर्दी झाली की आजी त्यांच्या तळपायांना फेणी चोळायची आणि चोळताना स्वतःचं नाक भिंतीकडे करायची. मी डोंबिवलीत राहून छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या आग्रहाखातर अर्धा ग्लास बिअर घेतली आणि घरी जाताना पाव किलो बडीशेप खाल्ली. बायकोनं दार उघडल्या उघडल्या विचारलं, "एवढी बडीशेप कशाला खाल्लीत?" तेव्हा असल्या माणसाच्या हातात फ्रान्सातल्या सर्वांत नामांकित मळ्याची वाइन यावी, हा योगायोग मोठा म्हणायचा.

त्याला कारण माझा पुतण्या. दादाचा हा धाकटा मुलगा प्रवासी बोटीवर स्वैपाकी आहे. "स्वैपाकी नाही काका, शेफ," असं तो म्हणतो. वहिनी मात्र गावात सगळ्यांना "बोटीवर असतो" एवढंच सांगते, म्हणजे ऐकणाऱ्याला तो कप्तान वाटायलाही हरकत नाही. तर एप्रिलच्या अखेरीस तो सुट्टीवर आला आणि त्यानं बॅगेतून लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. एका म्हाताऱ्या प्रवाशानं जेवणावर खूष होऊन दिलेली. बाटली छोटी, अर्धीच, ३७५ मिलिलिटरची. आत सोनेरी पिवळं काहीतरी. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "छाटेऊ डी वायक्वेम."

पुतण्यानं डोळे मिटून घेतले. "काका, शातो दिकेम. इकेम म्हणायचं."

आता इकेमकडे वळण्याआधी आमच्या आंब्याचं सांगायला हवं, कारण त्या संध्याकाळी खळ्यात या दोघांची गाठ पडली.

जामसंडं म्हणजे देवगडच्या डोक्यावरचा कातळ. त्या कातळात सुरुंग लावून, खड्डे काढून, त्यांत माती भरून आमच्या आजोबांनी दीडशे हापूसची कलमं उभी केली. बऱ्या वर्षी अडीचशे-तीनशे पेट्या निघतात. पेटीवर आजोबांचं नाव, खाली 'मु. जामसंडे, ता. देवगड'. डोंबिवली, पुणे, पार्ले इथली साठेक घरं वर्षानुवर्षं आमचीच पेटी घेतात. सांभाळतो सगळं दादा. मी एप्रिलमध्ये 'मदतीला' म्हणून येतो, मांगरात आढीजवळ खुर्ची टाकून बसतो आणि मजूर काय काय चुका करतात ते दादाला सांगतो.

गेल्या हंगामात सांगण्यासारखं काही उरलंच नाही. थंडी पडायची तेव्हा पडली नाही. मोहोर उशिरा आला. आला तोच ढगाळ हवा आणि सकाळी दाट धुकं. मोहोरावर भुरी बसली, तुडतुड्यांनी जत्रा भरवली. त्यातून वाचलेली कणी मार्चच्या उन्हात गळाली. तीनशेच्या जागी चाळीस पेट्या. सोसायटीचं कर्ज तसंच, आणि घराची कौलं बदलायची तीही तशीच.

अशा वेळी मला डोंबिवलीला असतानाच एका व्यापाऱ्याचा फोन आला. बोलणं साखरेच्या पाकातलं. "साहेब, आंबा नाही याची चिंता कशाला? आंबा आम्ही भरतो. तुम्ही फक्त पेटी द्या."

म्हणजे आंबा कर्नाटकातला, पेटी आजोबांची. रंगानं, आकारानं हापूसचा जुळा भाऊच. कापल्यावर कळलं तर कळलं, आणि मुंबईत आताशा कितीजणांना कळतं? रिकाम्या दोनशे पेट्यांचे साठ हजार. शिवाय उरलेले स्टिकर. हे स्टिकर म्हणजे काय ते सांगतो. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हापूस हे नाव कायद्यानं कोकणापुरतं राखलं गेलं. त्यापुढे जाऊन आमच्या जामसंड्यातल्या देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर क्रमांकाचा स्टिकर लावायचं ठरवलं. क्रमांकाचा काही भाग वर, काही भाग स्टिकरच्या पोटात. गिऱ्हाइकानं सोलून पडताळून पाहायचा. स्टिकर मिळतात ते ज्याच्या त्याच्या झाडांच्या हिशोबानं. झाडं आमची दीडशे, फळ झालेलं चाळीस पेट्या. तेव्हा स्टिकर उरणारच.

मी हिशोबाचा माणूस. साठ हजारांत किती कौलं येतात हा भागाकार फोनवर बोलता बोलताच झाला. शिवाय आंबा शेवटी आंबाच, हे थोर तत्त्वज्ञान मला त्याच क्षणी सुचलं. मी "बघू" म्हटलं. आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', पण वाशीला 'बघू' म्हणजे 'हो' असावं. पाच मिनिटांत फोनमध्ये टिंग झालं आणि दहा हजार आगाऊ येऊन पडले. मी ते परत पाठवले नाहीत. दादाला बोललोही नाही. जामसंड्याला पोचल्यावर, योग्य वेळ बघून सांगू, असं ठरवलं. योग्य वेळेचा एक गुण असा, की ती कधीच येत नाही.

त्याऐवजी आली ती इकेमची बाटली.

वीज गेली होती. खळ्यात कंदील. दादा, वहिनी, मी, माझी बायको, आणि पायरीवर आमचा जुना गडी. वहिनीनं स्टीलचे पेले आणले तेव्हा पुतण्याला चक्कर यायची बाकी राहिली. शेवटी पन्ह्याचे काचेचे ग्लास फडताळातून काढले. त्यानं प्रत्येकात दोन-दोन घोट ओतले, गड्याच्याही, आणि ओतताना पूजा सांगणाऱ्या भटजींसारखं सुरू केलं.

"हा मळा बोर्दोपासून चाळीसेक किलोमीटरवर, सोतेर्न नावाच्या गावी, एका टेकडीवर आहे. शंभरएक हेक्टर द्राक्षवेली. शेजारून सिराँ नावाची थंड पाण्याची छोटी नदी येते आणि गारोन नावाच्या मोठ्या नदीला मिळते. मोठीचं पाणी जरा कोमट. त्यामुळं शरद ऋतूत पहाटे धुकं पडतं. त्या धुक्यानं द्राक्षांना बुरशी लागते. मग दुपारी ऊन पडतं आणि द्राक्षं सुकतात. रस आटतो, साखर वाढते. त्या बुरशीला ते 'थोर कुज' म्हणतात."

"म्हणजे ही कुजक्या द्राक्षांची?" वहिनीनं ग्लास लांब धरला.

"कुसलेली द्राक्षां?" गडी पायरीवरून म्हणाला. "ती आमी उकिरड्यार टाकतंव."

दादा मात्र गप्प होता. मग हळूच म्हणाला, "धुकं पडलं म्हणून तिकडे वाइन झाली, आणि धुकं पडलं म्हणून इकडे आमचा मोहोर गेला. बुरशीनंसुद्धा माणसं बघूनच वागावं काय?"

त्यावर आम्ही प्यालो. आता चव कशी सांगू? गोड, पण पाकासारखी नाही. आधी मध, मग संत्र्याच्या सालीचा मुरांबा, मग केशर, आणि सगळ्यांच्या मागून एक आंबट धार, जी गोडाला जमिनीवर ठेवते. दादानं ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "आढी." खरंच! गवताच्या पेंढ्यात आंबा पिकायला लागला की पहाटे मांगराचं दार उघडताना जो वास येतो, त्याच्या चुलतभावाचा वास होता तो. वहिनी म्हणाली, "माझा मोरांबा गेल्या खेपेला आंबला तेव्हा हुबेहूब असाच लागत होता." हे इकेमबद्दल फ्रान्सात कुणी म्हटलेलं नसावं.

"केवढ्याला रे ही?" माझ्या बायकोनं विचारलं.

"एवढीशी वीस हजारांच्या आसपास, काकू."

इथं मला तो ठसका लागला. भागाकार आपोआप झाला. सहा ग्लास, म्हणजे माझ्या पोटात आत्ताच तीन हजारांहून अधिक गेले होते, आणि ठसक्यात निदान दोनशेचं नुकसान झालं होतं.

"आपल्याकडे नाही का होत वाइन? नाशकाकडे होते म्हणतात," बायको म्हणाली. होते ना. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावानं थेट परदेशात विकली. पुढं नाशकात राजीव सामंतांनी अमेरिकेतली नोकरी सोडून वडिलोपार्जित जमिनीवर द्राक्षं लावली, आणि आईच्या सुलभा या नावावरून वाइनला 'सुला' नाव दिलं. पहिली बाटली २००० साली बाजारात आली. द्राक्षांकडे वळण्याआधी या गृहस्थांनी त्या जमिनीत आंब्याचाही प्रयोग करून पाहिला होता. दादाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "शहाणा माणूस. वेळेवर सुटला."

पुतण्यानं मग मळ्याचा इतिहास सुरू केला. १५९३ साली हा मळा झाक सोव्हाज नावाच्या गृहस्थाकडे आला. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून सदतीस वर्षं होती. त्याच घराण्यातल्या फ्रांस्वाझ जोसेफीन या मुलीचं १७८५ मध्ये लूर-सालूस घराण्यातल्या काउंटशी लग्न झालं. तीन वर्षांत तो घोड्यावरून पडून गेला. विशीतली विधवा, आणि वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती! उमराव म्हटला की मुंडकं उडवायचं, असे ते दिवस. बाई तुरुंगातही गेली. पण मळा सोडला नाही. वाइन मुरवायला नवीन कोठार बांधलं, व्यापार वाढवला, आणि १८५१ पर्यंत जगली.

"बाईनंच राखलंन् ना शेवटी?" वहिनी म्हणाली आणि ज्या ग्लासाला नावं ठेवली होती तो तिनं पुन्हा उचलला. आमच्या कोकणात निराळं काय आहे? पुरुष मुंबईला मनिऑर्डर लिहीत बसले आणि मागे राहिलेल्या बायकांनी गुरं, कुळं, कज्जे आणि कलमं सांभाळली. आमची आजीही त्यातलीच. फक्त तिच्या नावानं कुणी बाटली काढली नाही.

अमेरिकेचा पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन तेव्हा फ्रान्सात वकील होता. त्याला ही वाइन इतकी आवडली की १७९० मध्ये त्यानं अध्यक्ष वॉशिंग्टनसाठी तीस डझन आणि स्वतःसाठी दहा डझन मागवली. 'डझन' शब्द ऐकताच दादा सावरून बसला. साहेबासाठी तीस आणि आपल्यासाठी दहा डझन, हे प्रमाण त्याला आमच्या डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची आठवण देऊन गेलं.

१८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनींची प्रतवारी लावायची ठरली. ती लावली कुणी? शास्त्रज्ञांनी नव्हे, पंडितांनी नव्हे, तर दलालांनी! ज्या वाइनीला बाजारात जास्त भाव, ती वर. तिथं गोड पांढऱ्या वाइनींच्या अगदी डोक्यावर, एकटी एका वेगळ्या वर्गात, इकेम बसवली. ती आजही तिथंच आहे.

"तिकडेही दलाल!" दादा खूष झाला. दलाल जगात सगळीकडे आहेत हे कळल्यावर बागायतदाराला जो दिलासा मिळतो, तो गीतेतही मिळत नाही.

मी मात्र 'दलाल' या शब्दाला किंचित दचकलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

पण सगळ्यांत रंगली ती भाऊबंदकी. दोनशे वर्षं मळा लूर-सालूस घराण्याकडे होता. १९६८ पासून कारभार अलेक्झांद्र नावाच्या भावाकडे. पण मालकी सगळ्या भाऊबंदांत वाटलेली. १९९६ मध्ये थोरल्या भावानं आणि इतर नातेवाइकांनी आपापले हिस्से एलव्हीएमएच या बड्या कंपनीला विकायला काढले. लुई व्हितॉंच्या चामडी बॅगा विकणारी तीच ही कंपनी. अलेक्झांद्र कोर्टात गेला. तीन वर्षं भांडला. १९९९ मध्ये समझोता झाला, मळा बॅगवाल्यांचा झाला, आणि हा २००४ पर्यंत कारभारी म्हणून राहिला.

"तीनच वर्षं?" दादानं विचारलं. आमच्याकडे एका फणसाच्या फांदीचा दावा तिसऱ्या पिढीत चालू आहे. फणस कधीच मेला.

"आणि तोडणी कशी करतात?" दादा आता पुरता रंगात आला होता.

"घड नाही तोडत. कुजलेला मणी तेवढा हातानं निवडतात. आज चार मणी, आठवड्यानं आणखी चार. एकाच मळ्यातून पाच-सहा फेऱ्या, कधी जास्तही. आणि एवढं करून एका वेलीला वाइन निघते एक ग्लास."

"एक वेल, एक ग्लास?"

"हो. मग दोन-तीन वर्षं नव्या ओकच्या पिंपांत. त्यानंतर बाटली. आणि बाटली शंभर-शंभर वर्षं टिकते. १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये पंचाहत्तर हजार पौंडांना गेली."

दादानं स्वतःच्या ग्लासातल्या उरलेल्या घोटाकडे पाहिलं. आम्हीसुद्धा झेल्यानं एकेक फळ काढतो, देठाशी गाल भरलेला बघून. उरलेलं पुढल्या फेरीला ठेवतो. त्याला बहुधा तेच आठवत असावं. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो वाइनच्या पुस्तकात नसतो, पण कुठल्याही शेतकऱ्याच्या तोंडी पहिल्यांदा येतो.

"आणि ज्या वर्षी धुकंच पडलं नाही, किंवा पावसानं घाण केली, त्या वर्षी काय करतात?"

"त्या वर्षी इकेम नाही काढत."

"म्हणजे कमी काढतात?"

"नाही बाबा. एकही बाटली नाही. गेल्या शतकात नऊ वेळा असं झालं. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२. आणि या शतकात २०१२."

हॉटेलच्या कॉलेजात त्यांच्याकडून हे घोकून घेतलेलं असावं. तो ही सालं रामरक्षा म्हटल्यासारखी म्हणत होता, आणि मला प्रत्येक सालाला खिशातला फोन जड लागत होता. १९५१ आणि १९५२, लागोपाठ दोन वर्षं! त्या घरातही कौलं गळत असतील की नाही?

"मग ती द्राक्षं फुकट?" वहिनीनं विचारलं.

"नाही आई. वाइन होतेच ना थोडीफार. ती घाऊक विकून टाकतात, बिननावाची. तिच्यावर इकेम लिहीत नाहीत."

दादानं शांतपणे शेवटचा घोट घेतला. "हं," तो म्हणाला. "म्हणजे माल विकतात, नाव विकत नाहीत."

एवढंच बोलून तो कंदिलाची वात सारखी करायला उठला. मला वाटतं, इकेमबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं फार थोडे बोलले असतील. पण ते कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. कारण मी नेमकं उलटं केलं होतं. माल नव्हता, आणि नाव विकलं होतं. तेसुद्धा, आगाऊ रकमेच्या हिशोबानं, अर्ध्या बाटलीच्या अर्ध्या किमतीत.

रात्रभर झोप नाही. बायकोला वाटलं, वाइन बाधली. तिनं ओव्याचं पाणी करून दिलं. पहाटे उठून मांगरात गेलो. दादा आधीच तिथं, आढीवरचा पेंढा बाजूला करून आंबा चाचपत बसलेला. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बँकेत अफरातफर पकडली की लोक माझ्यासमोर कसे उभे राहत, ते मला छत्तीस वर्षांत पहिल्यांदा आतून कळलं.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, "घेतलेस किती?"

"दहा हजार."

"परत किती करायचे?"

"दहा हजार."

"मग सोपा हिशोब आहे की. तू तर बँकेतला."

मी मान खाली घातली. दादानं एक आंबा उचलला, नाकाशी नेला, परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो मला आधी फोन करून चुकलाय. मी 'नाही' नाही म्हटलं. 'विचार करतो' म्हटलं. दोन दिवस विचार करत होतो. माळ्यावर जाऊन रिकाम्या पेट्यासुद्धा मोजून आलो. एकशे ब्याण्णव आहेत."

आम्ही दोघं जरा वेळ तसेच बसून राहिलो. बाहेर कोंबडा आरवत होता. आजोबांचं नाव छापलेल्या पेट्यांची थप्पी माळ्यावर होती आणि वर बघायचं धाडस दोघांनाही होत नव्हतं.

पैसे परत केले. फोनमध्ये पुन्हा टिंग झालं. येताना वाजतं तसंच जातानाही वाजतं, फरक करत नाही. व्यापाऱ्याला वाईट वाटलं, पण फार नाही. "साहेब, तुमची मर्जी. दुसऱ्या कुणाची पेटी बघतो." म्हणजे आमच्या सचोटीमुळं मुंबईत एकही खोटा आंबा कमी झाला नाही. हे मुद्दाम नमूद करतो, नाहीतर वाचकांचा समज व्हायचा की आम्ही कोकण वाचवलं.

चाळीस पेट्यांपैकी दोन देवाला आणि घराला, बाकीच्या अडतीस घरांना एकेक. उरलेल्या बाविसांना मी फोनवर निरोप पाठवला: 'यंदा आंबा झाला नाही. क्षमस्व.' लिहिताना जड गेलं. उत्तरं आली. काहींनी 'पुढच्या वर्षी दोन ठेवा' म्हटलं. एका आजींनी 'तुम्ही बरे आहात ना?' एवढंच विचारलं. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांनी मात्र फोन करून फैलावर घेतलं. "अहो, स्टेशनबाहेर देवगड हापूसचे ढीग लागलेत! सगळ्यांकडे आहे आणि तुमच्याकडेच कसा नाही? बाग नीट बघत नाही का?" मी काय सांगणार? "बघतो आता नीट," एवढंच म्हणालो.

कौलं तशीच राहिली. पावसाळ्यात वर ताडपत्री आणि खाली परात. परातीत ठिबकणारं पाणी रात्री ऐकू येई तेव्हा दादा अंधारातून म्हणायचा, "एकोणीसशे एक्कावन्न." थोड्या वेळानं दुसऱ्या परातीत ठिबकलं की मी म्हणायचो, "एकोणीसशे बावन्न."

आता त्या बाटलीचं शेवटचं सांगतो. पुतण्या बोटीवर परत गेला. रिकामी बाटली वहिनीनं धुऊन, उन्हात वाळवून ठेवली. कोकणात काचेची बाटली टाकून देणं हे पाप आहे. मे अखेरीस रातांबे झाले तेव्हा तिनं तिच्यात कोकमचं आगळ भरलं. काय रंग उठला होता! सोनेरी मुकुटाच्या त्या पांढऱ्या लेबलामागे जांभळट लाल आगळ. मी कौतुकानं म्हटलं, "वहिनी, ही बाटली डोंबिवलीला नेतो. फडताळात ठेवली तर लोक बघतच राहतील."

दादा ओटीवर पान लावत होता. त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आधी लेबल खरवड," तो म्हणाला. "आपलं आगळ चांगलं आहे. त्याला त्यांचं नाव कशाला?"

कोमट पाण्यात बाटली बुडवून, नखानं लेबल काढायला मला पाऊण तास लागला. फ्रेंच डिंक चिवट असतो. आता ती बाटली डोंबिवलीला आमच्या फ्रीजमध्ये आहे. वर बायकोनं औषधाच्या बाटलीला लावतात तसली पट्टी चिकटवून लिहिलंय: 'आगळ. जामसंडे.'

सोलकढी फार सुरेख होते. या कधी तरी.